पीएफचा दशमांश द्यायचा का?

मार्था_भोसरी

सर्वांना जय ख्रिस्त. इथे वाचते खूप, पण धागा पहिल्यांदाच काढतेय.

हे ३१ मार्चला रिटायर होतायत. एकतीस वर्षं एकाच कारखान्यात. पीएफचे ३८ लाख येतील, ग्रॅच्युइटीचे ११. पेन्शन महिन्याला चार हजार तीनशे. एखादं शून्य लिहायचं राहिलं असं समजू नका, आकडा तेवढाच आहे. माझ्या घरगुती ट्यूशन करोनात बंद पडल्या त्या पडल्याच. मुलीचं लग्न झालंय. मुलगा नाशिकला कंत्राटी कामावर आहे, त्याचं व्हायचंय. घर स्वतःचं आहे, कर्ज फिटलंय, देवाची कृपा.

आता मुद्दा. ह्यांचं म्हणणं असं, की आजवर दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाच्या कामाला, हातात पडणाऱ्या पगारावर दिला. पीएफ आधीच कापून जायचा, त्यावर कधी दिलाच नाही. म्हणजे ते देणं राहिलंय. ४९ लाखांचे पाच लाख एकरकमी आपल्या चर्चच्या मंडळीला द्यायचे. शब्बाथ शाळेच्या (मुलांच्या बायबल वर्गाच्या) हॉलचे पत्रे गळतात, ते काम त्यातून होईल. पाळकसाहेबांच्या कानावर घालूनही झालंय. मला कधी कळलं? उपासनेनंतर चहाच्या वेळी पाळकीणबाईंनी माझे दोन्ही हात धरून "देव तुम्हाला भरून देवो" म्हटलं तेव्हा.

मी हात आखडणारी नाही. कापणीच्या सणाच्या लिलावात पन्नास रुपयांचा भोपळा हजाराला घेतलेली बाई आहे मी. पण ह्यांना शुगर आहे, आणि रात्री दोन वाजता माझ्या डोक्यात आकडे फिरतात. वर देवाला हिशोब विचारतेय म्हणून अपराधीही वाटतं. कोणी वचनाच्या आधाराने सांगेल का?

सियोन_७७

बायबलमध्ये मलाखी ३:१०. सगळा दशमांश कोठारात आणा. विषय संपला.

निवृत्त_कॅशियर

सियोनभाऊ, तुमचा विषय संपला, ताईंचा महिना संपायचाय.

मार्थाताई, वचन सांगणारे इथे पुष्कळ येतील. मी आयुष्यभर खिडकीमागे बसून नोटा मोजल्या, तर मी वहीच उघडतो.

सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात. व्याज सध्या ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी हातात. साठ पूर्ण लागतात, पण पंचावन्न ते साठमध्ये रिटायर झालेल्यांनाही चालतं. अट एवढीच की रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं. ही तारीख चुकवू नका, माझ्या डोळ्यांदेखत लोकांनी चुकवलीय. ३० लाखांचे महिन्याला साडेवीस हजार पडतात. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत एका नावावर ९ लाख, ७.४ टक्क्यांनी महिना ५,५५०. त्यात पेन्शन ४,३००. झाले तीस हजार तीनशे पन्नास.

४९ मधले ३९ असे अडकले. उरले दहा. त्यातले पाच पत्र्यांना गेले, तर पाच लाख हे तुमचं हॉस्पिटल, मुलाचं लग्न, फ्रिज, गावचं मर्तिक, सगळं. आणि आजचे तीस हजार बारा वर्षांनी तीसच राहणार आहेत. महागाई सहा टक्क्यांनी धरली तर तेव्हा त्यात आजच्या पंधरा हजारांचं सामान येईल.

दुसरं, कंपनीचा मेडिक्लेम ३१ मार्चच्या रात्री संपतो. आधीपासूनच्या आजारासाठी नवीन पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कंपनीच्या विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, आणि जुनी वर्षं मोजून मिळतात का, ते आत्ताच विचारा. दशमांश एप्रिलमध्ये दिला तरी देव रागावणार नाही. विमा एप्रिलमध्ये मागितला तर मात्र विमावाला ऐकणार नाही.

पाळकाचा_पोरगा

मलाखी एका ओवीत संपवणाऱ्यांनी त्याच पुस्तकाचे पहिले दोन अध्याय काढून बघा. तिथे झोडपलंय ते याजकांना. लंगडी-आंधळी जनावरं वेदीवर चालवून घेणाऱ्यांना.

आता माझं. वडील छत्तीस वर्षं पाळक होते, मिशनच्या बंगल्यात राहिलो. बंगला म्हणजे कौलं, घुशी आणि आवारातली चिंच. रिटायर झाले त्या वर्षी तीन महिन्यांत जागा सोडायची होती. स्वतःचं घर नाही. पगारातला दशमांश द्यायचे, उरलेल्यातून वर्गातल्या पोरांच्या फिया भरायचे. मी बारावीला, ताई नर्सिंगला. सामान टेम्पोत चढवलं तेव्हा आई ओट्यावर बसून राहिली, उठेचना. पुढची एकोणीस वर्षं त्यांना मी आणि ताईने पाहिलं, आनंदाने पाहिलं. पण "पपांनी सगळं देवाला दिलं" असं कोणी कौतुकाने म्हणालं की आजही माझ्या मनात येतं, की दिलं त्यांनी आणि भरलं ताईने. तिचं लग्न चौतिसाव्या वर्षी झालं.

दशमांश कशासाठी होता तेही बघा. गणना १८ मध्ये लेव्यांना, म्हणजे देवाच्या मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाला, दशमांश का मिळतो? त्यांना जमिनीत वाटा नाही म्हणून. अनुवाद १४ मध्ये दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावं म्हणून. ज्यांच्या म्हातारपणाला जमीन नाही, त्यांची ती सोय होती. पत्र्यांचा उल्लेख नाही.

जाता जाता: बायबलमध्ये रिटायरमेंट नाहीच असं म्हणणाऱ्यांसाठी गणना ८. लेव्यांनी पन्नासाव्या वर्षी कामातून मोकळं व्हायचं, मग भावांना मदत करायची, पण ओझी उचलायची नाहीत. अठ्ठावन्नला रिटायर होणारे आपण आठ वर्षं उशिराच आहोत.

सियोन_७७

बंधू, तुमचं दुःख समजतं. पण विधवेने दोन दमड्या टाकल्या तेव्हा प्रभूने तिला थांबवलं नाही. तिची सगळी उपजीविका होती ती. तिने मेडिक्लेम विचारला नाही.

पोळलेला

विधवेच्या दमड्यांवर मी लिहिणार. मार्क १२ मधली ती गोष्ट ४१व्या ओवीपासून आहे. त्याच्या जेमतेम वर, ४०व्या ओवीत येशू काय म्हणतो? शास्त्री लांब प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळतात. आणि लगेच एक विधवा येऊन शेवटची दमडी टाकते. आपण वरची ओवी गाळून खालची पेटी फिरवताना वाचतो.

मला हे कळायला दोन लाख लागले. एका मैदानातल्या सभेत "बीज पेरा, शंभरपट घ्या" ऐकून बायकोच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे टाकले. नाव घेणार नाही. शंभरपट सोडा, पावतीही आली नाही. ऑपरेशन मेव्हण्याने केलं. आजही त्याच्या घरी जेवताना मान वर होत नाही.

मार्थाताईंच्या पाळकसाहेबांना मी त्यात धरत नाही. पत्रे खरंच गळत असतील.

वसईची_लेक

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे दहा टक्क्यांचा असा दंडक कोणी मोजत नाही. चर्चच्या गरजेला ऐपतीप्रमाणे हातभार लावा एवढंच. त्यामुळे हे भांडण आमच्या घरात झालं नसतं. दुसरं झालं असतं.

आमच्या आजोबांची केळीची वाडी होती. दर महिन्याला विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या माणसाकडे थोडे पैसे जायचे, कोणाच्या घरी चूल पेटत नाही ते त्यांना ठाऊक असायचं. आणि बाकीचे बॅसिन कॅथलिक बँकेत. १९१८ साली आपल्याच लोकांनी काढलेली, म्हणून आजोबांना बँकेत पैसे टाकणं आणि चर्चमध्ये टाकणं यात फार फरक वाटायचा नाही, दोन्ही गावाच्याच कामाला. मग वाडी विकली. आलेला पैसा तीन काकांत वाटला गेला. गाडी आली, बारशा-लग्नात बँड आला, नऊ वर्षांत संपलं. दान करून भिकेला लागलेला माणूस मी अजून पाहिला नाही. बँड लावून लागलेले सात-आठ मोजून दाखवेन.

म्हणून कॅशियरकाका, तुमची वही बरोबर आहे, फक्त तिच्यात दान हा एकच खर्च लाल शाईने लिहू नका. मुलाच्या लग्नाचे किती धरलेत ते मार्थाताईंनी सांगितलेलंच नाही.

मार्था_भोसरी

चार लाख धरलेत. बँड नाही.

(पण लागला बाण.)

निवृत्त_कॅशियर

मान्य. लाल शाई खोडली.

एक विचार मांडतो, चुकला तर पाळकांच्या पोरांनी दुरुस्त करावा. लेवीय २७:३० मध्ये दशमांश आहे तो जमिनीच्या उत्पन्नाचा, धान्याचा आणि फळांचा. शेताचा दहावा तुकडा तोडून द्या असं कुठे नाही. निवृत्त माणसाची ठेव म्हणजे त्याचं शेत. त्यावरचं व्याज हे पीक. तीस हजारांचे तीन हजार दर महिन्याला द्या, मरेपर्यंत द्या. वीस वर्षं जगलात तर सात लाख वीस हजार होतात, पाच लाखांहून जास्त. आणि मंडळीलाही दर महिन्याचा भरवसा राहतो.

पाळकाचा_पोरगा

शेताचा मुद्दा आवडला, पण एक भोक आहे. पीएफ हे वडिलोपार्जित शेत नाही. एकतीस वर्षांचं पीकच आहे ते, कणगीत साठवलेलं. त्या कणगीतून दिलं नाही ही त्यांची टोचणी खोटी नाही.

अर्थात नव्या करारात दहा टक्क्यांची आज्ञा शोधूनही मिळत नाही. २ करिंथ ९:७, प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी मनाने किंवा भाग पडतं म्हणून नको. संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो. इथे एकजण संतोषाने देतोय आणि दुसरी रात्री दोनला जागी आहे. घराचा संतोष मोजायचा कसा?

मडगांवकार

आमच्या गोंयात असतं तर सोपं होतं. पोर्तुगीज काळापासूनचा कायदा, वेगळा करार केला नसेल तर लग्न झालं की मालमत्ता दोघांची, अर्धी-अर्धी. घर-जमीन बायकोच्या संमतीशिवाय विकता येत नाही. मुलं असली तर मृत्युपत्रातही स्वतःच्या वाट्यातल्या अर्ध्यावरच हात चालतो. दान करायचं तर दोघांनी बसून ठरवा, कायदाच सांगतो.

सियोन_७७

बायकोला विचारून केलेलं दान म्हणजे हनन्या आणि सप्पीरा. प्रेषितांची कृत्ये ५. काय झालं वाचा. 😀

पाळकाचा_पोरगा

हे मात्र भारी होतं. पण ते नवराबायको मेले ते विकलेल्या जमिनीच्या पैशाबद्दल खोटं बोलल्याने, थोडं मागे ठेवल्याने नाही. पेत्र स्पष्ट म्हणतो की विकण्यापूर्वी ते तुझंच होतं ना, विकल्यावरही तुझ्याच हातात होतं ना?

सोलापूरचा_वकील

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला काय लागू आहे ते सांगतो, कारण मार्थाताईंनी दानाची काळजी केली आणि मूळ धोका बाजूलाच राहिला.

आपल्याला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. नवरा मृत्युपत्र न करता गेला आणि मुलं असतील, तर विधवेला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश, मुलगा-मुलगी समान. म्हणजे ज्या ठेवींच्या व्याजावर तुम्ही जगणार, त्यांचा एकच हिस्सा तुमचा. बँकेत नॉमिनी तुम्ही असाल, पण नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा माणूस, मालक नव्हे. मुलं चांगली असतात हो, पण जावई-सुना आणि कर्जाचे हप्तेही असतात. तेव्हा ३१ मार्चच्या आधी एक कागद करा. दोन साक्षीदार पुरतात, आणि ज्याला काही देताय तो किंवा त्याची बायको/नवरा साक्षीदार नको, नाहीतर त्याला दिलेलं रद्द होतं. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवा.

मंडळीलाही त्यातूनच देता येतं. यात एक इतिहास आहे. याच कायद्याचं कलम ११८ असं होतं, की ख्रिस्ती माणसाला पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग असेल, तर धर्मकार्याला किंवा परोपकाराला केलेलं मृत्युपत्रीय दान टिकायला मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी केलेलं हवं, आणि केल्यापासून सहा महिन्यांत सरकारी ठेवणीत जमा केलेलं हवं. मरणशय्येवर कोणी पुरोहित येऊन लिहून घेईल ही जुनी इंग्रजी भीती. केरळचे फादर जॉन वल्लमट्टम याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरलं. हिंदू माणसाला जे सहज करता येत होतं ते आपल्याला तेव्हापासून करता येतं. दुर्दैव असं, की पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबं अजूनही मृत्युपत्र म्हटलं की अशुभ बोलू नका म्हणतात. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणारी माणसं!

ताईंसाठी मार्ग: सगळं आधी पत्नीला, दोघांच्या मागे अमुक हिस्सा मंडळीला किंवा मिशनच्या दवाखान्याला.

करसवलतीची आशा धरू नका. फक्त एका धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेला दानावरच्या करसवलतीची नोंदणी (८०जी) सहसा मिळत नाही. सगळ्यांसाठी चालवलेल्या शाळा-दवाखान्याच्या ट्रस्टकडे असू शकतं, पण नव्या कररचनेत तीही वजावट नाही.

जालन्याची_लीलामावशी

मी तुम्हा सर्वांचे हिशोब वाचले. हुशार आहात. मी कुवेतला सव्वीस वर्षं दुसऱ्यांची म्हातारी माणसं सांभाळली, तिथे ना पीएफ ना पेन्शन. आलेला पैसा भावंडांच्या शिक्षणात गेला, आणि मी काही पस्तावत नाही. आज भाचे सांभाळतात. तुमच्या वहीत भाचे कुठल्या रकान्यात बसतात?

माझी आई रोज जात्यावर बसली की पहिली मूठ बाजूच्या गाडग्यात टाकायची. ज्वारीची. रविवारी ते गाडगं देवळात जायचं. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जायचो, सुकडी खाऊन दिवस काढायचो. तेव्हाही गाडगं होतं. मूठ लहान झाली होती एवढंच. मी विचारलं, आपल्यालाच नाही तर कशाला? म्हणाली, अगं, आपल्याला नाही हे त्या गाडग्याला सांगू नको.

लेकी मार्था, नवऱ्याला अडवू नकोस एवढंच म्हणते.

निवृत्त_कॅशियर

मावशी, सलाम. पण तुमच्या आईने रोज एक मूठ टाकली. एका दिवशी कणगी उलटी केली नाही. माझं म्हणणं याहून वेगळं नाही.

जालन्याची_लीलामावशी

हुशार आहेस म्हटलं ना.

केडगाव_गाडी

पंडिता रमाबाईंचं इथे कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. रमाबाई म्हटलं की "विश्वासाने जगल्या, उद्याची चिंता केली नाही" एवढंच सांगतात. जॉर्ज म्यूलरचा त्यांच्यावर प्रभाव होता, ब्रिस्टलमध्ये कोणापुढे हात न पसरता हजारो अनाथ सांभाळणारा तो म्यूलर. ते खरंच. पण दुसरी बाजू बघा. विधवांसाठीचं शारदा सदन १८८९ मध्ये निघालं ते अमेरिकेतल्या समितीच्या दहा वर्षांच्या वचनावर. दहा वर्षं संपल्यावर काय, हा विचार बाईंनी आधीच केला. केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. आपलं उत्पन्न आपल्याला असावं म्हणून. याला रिटायरमेंट प्लॅनिंग म्हणा नाहीतर काही म्हणा.

आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन बाईंनी उपाशी मुली-बायका आणल्या, शेकड्यांनी. ठेवल्या कुठे? त्याच जमिनीवर. झाडं नीट फळाला यायच्या आधी मळा माणसांनी भरला. मुक्ती मिशन ते हेच. जमीन घेतलीच नसती तर त्या कुठे राहिल्या असत्या? आणि "ही माझ्या उद्याची सोय" म्हणून कुंपण घातलं असतं तर?

पोळलेला

याउलट ना. वा. टिळक. आलेला पैसा टिकू द्यायचे नाहीत, १९१७ मध्ये मिशनचा पगारही सोडला. आपण टाळ्या वाजवतो. घरात डब्यात काय आहे हे मात्र लक्ष्मीबाईंना बघावं लागायचं, आणि त्यांनी ते हसत हसत लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला बोचत नाही.

मार्थाचे_मिस्टर

नमस्कार. टॅब चार्जिंगला लावताना हा धागा उघडा दिसला. खातं आत्ताच काढलं, टायपिंग हळू आहे.

सर्वांचं वाचलं. मी देवाच्या धाकाने देतोय असं बहुतेकांना वाटलेलं दिसतं. तसं नाही. बायकोने एक गोष्ट लिहिली नाही. तिला वाटलं असेल की ती माझी आहे, मीच सांगावी.

२००१ साली आमच्या कारखान्यात सात महिने टाळेबंदी होती. मुलगी चार वर्षांची, मुलगा पोटात. मी कोणाला काही बोललो नव्हतो, चर्चला जाणंही कमी केलं होतं, थैली फिरते तेव्हा हात रिकामा जातो म्हणून. तेव्हा दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पहाटे दाराबाहेर गव्हाचं अर्धं पोतं आणि तेलाचा डबा असायचा. सातही महिने. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले मला माहीत नाही. आता ते हयात नाहीत. मंडळीतल्याच कोणाचं तरी काम, एवढंच कळलं, कारण पोत्यावर शब्बाथ शाळेच्या चटयांची सुतळी होती.

म्हणून शब्बाथ शाळेचा हॉल. दशमांशाचा हिशोब मी नंतर लावला, पाच लाख आकड्याला काहीतरी कारण हवं म्हणून. हिला विचारलं नाही ही चूक झाली. ती नाही म्हणेल अशी भीती होती आणि ती बरोबर असेल अशीही.

जालन्याची_लीलामावशी

बस्स. आता बोला सगळे.

पाळकाचा_पोरगा

दादा, शनिवारी पहाटे पोतं ठेवणाऱ्याने आधी स्वतःच्या बायकोला विचारलं असेल असं मला का कोण जाणे वाटतं. गहू निवडायला दोन माणसं लागतात.

आणि त्याने पत्रे घातले नाहीत. सात महिने एका घरच्या चुलीकडे बघितलं.

वसईची_लेक

एकरकमी परतफेड करून त्या माणसाचं ऋण फिटणार नाही, ते फेडायचं असेल तर पुढच्या टाळेबंदीवाल्याला शोधावं लागेल. आजकाल टाळेबंदी होत नाही, कंत्राट संपतं. तुमच्याच मंडळीत दोन-चार घरं असतील, ज्यांनी अलीकडे थैलीच्या वेळी खाली बघायला सुरुवात केलीय.

सियोन_७७

माझाही आग्रह जरा जास्त झाला. मार्क ७ वाचत होतो. आईबापांना द्यायचं ते "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभू काय म्हणतो ते. तिथे आईबाप आहेत, पण बायकोही चालेल असं वाटतं. १ तीमथ्य ५:८ तर घरच्यांचीच तरतूद करा म्हणतं. तरी नवस केला असेल तर फेडायला उशीर करू नका, हे उपदेशकाचं म्हणणं मी सोडत नाही.

मार्थाचे_मिस्टर

नवस नव्हता. पाळकसाहेबांना "बघतो" म्हणालो होतो.

मार्था_भोसरी

सव्वा महिन्याने लिहितेय. मध्ये रिटायरमेंटचा हारतुऱ्याचा कार्यक्रम, मग पीएफ ऑफिसच्या चकरा. नावात एका ठिकाणी "जॉन" आणि एका ठिकाणी "जॉनराव", त्यावर अठरा दिवस गेले. तुमचीही आधारवरची आणि पीएफवरची नावं आजच जुळवून बघा.

काय ठरलं ते: ३० लाख सीनियर सिटिझनमध्ये, तीन महिन्यांच्या आत. ९ पोस्टात. विमा कंपनीकडूनच बदलून घेतला, हप्ता बघून दोघांनाही घाम आला, पण घेतला. हे कॅशियरकाकांचं पुण्य. मृत्युपत्र झालं. वकीलसाहेबांनी सांगितलं तसं सगळं आधी मला, मग मुलांना, आणि दहावा हिस्सा मिशनच्या दवाखान्याला. मुलांना समोर बसवून वाचून दाखवलं. मुलगी रडली, मुलगा म्हणाला माझ्या लग्नाचे चारमधले दोनच ठेवा. वसईच्या ताई, हे तुमच्यामुळे.

पत्र्यांना एक लाख दिले. बाकीचे पत्रे मंडळी वर्गणीतून करतेय, उत्तरेकडची बाजू झालीय. मुलाने सोडलेले दोन लाख वेगळ्या खात्यात टाकलेत, दोघांच्या सहीचं. कोणाच्या घरी पगार थांबला तर तिथून. दर महिन्याला व्याजातले तीन हजार, काही मंडळीत, काही त्या खात्यात. पहिलं घर सापडलंसुद्धा, त्याबद्दल इथे लिहिणार नाही. शनिवारी पहाटे ह्यांच्याबरोबर मीही जाते. गहू मीच निवडते, पाळकाच्या पोरा. आता पीठच दिलं तर बरं असं वाटायला लागलंय, कोणाकडे गिरणीला जायला वेळ असतो?

रात्री दोनला अजूनही जाग येते. सवय झाली बहुतेक.

आणि मुख्य सांगायचं राहिलं. पाच लाखांऐवजी एक लाखाचं पाकीट द्यायला आम्ही पाळकसाहेबांकडे गेलो तेव्हा मी ओशाळले होते. ह्यांनी सगळं खरं सांगितलं, वहीसुद्धा दाखवली. पाळकसाहेब ती वही बराच वेळ बघत राहिले. मग दार जरासं लोटून घेतलं आणि म्हणाले, हे व्याजाचं जरा मलाही समजावून सांगाल का? त्यांचं वय चोपन्न. घर नाही. पगारातून काही कापलं जातं की नाही हे त्यांनाच नक्की ठाऊक नव्हतं. पाळकीणबाई चहा घेऊन आल्या तेव्हा आम्ही विषय बदलला, पण त्यांनी ऐकलं असणार.

कॅशियरकाका, चोपन्नाव्या वर्षी काय करता येतं?

निवृत्त_कॅशियर

पुष्कळ करता येतं, सहा-आठ वर्षं हातात आहेत. एनपीएस ही पेन्शन योजना या वयातही उघडता येते, पीपीएफही. पण आधी पगाराची पावती आणि नेमणुकीचं पत्र बघू, मंडळीने काही भरायला हवं होतं का ते. त्यांना म्हणावं संकोच करू नका.

मी भोसरीला मुलीकडे येतोच आहे. रविवारी उपासना झाल्यावर बसू. पाळकीणबाईंनाही बसवा, दार लोटायचं नाही.

पाळकाचा_पोरगा

काका, मीही येतो. पपांची जुनी फाइल आहे, पेन्शन फंडासाठी लिहिलेली पत्रं आणि आलेली उत्तरं. त्यांना नाही उपयोग झाला.